चोर सोडून संन्याशाला फाशी: बीजीपीतला एक नियम कसा बदलला

२७ ऑगस्ट २०१० च्या सकाळी राइप एनसीसी ही युरोपची इंटरनेट रजिस्ट्री आणि अमेरिकेतले ड्यूक विद्यापीठ यांनी मिळून एक प्रयोग सुरू केला. एका प्रिफिक्सची, म्हणजे आयपी पत्त्यांच्या एका गटाची, घोषणा बीजीपीतून, म्हणजे इंटरनेटवरची नेटवर्के एकमेकांना मार्ग सांगतात त्या नियमावलीतून, जगभर जाऊ द्यायची आणि तिला मार्गाची जादा माहिती देणारे ९९ क्रमांकाचे एक नवे अ‍ॅट्रिब्यूट जोडायचे, एवढाच तो प्रयोग होता. हे अ‍ॅट्रिब्यूट आकाराने मोठे होते आणि राउटरांच्या ओळखीचे नव्हते, पण नियमांच्या चौकटीत पूर्ण बसत होते. तरीही साधारण अर्ध्या तासात प्रयोग बंद करावा लागला. तेवढ्या वेळात जगातल्या हजारो प्रिफिक्सचे मार्ग डळमळले, आणि त्यांचा या प्रयोगाशी काडीचाही संबंध नव्हता.

पाच वर्षांनी, ऑगस्ट २०१५ मध्ये, आरएफसी ७६०६ प्रसिद्ध झाले (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) आणि बीजीपीतला सुरुवातीपासूनचा एक नियम बदलला. हा बदल इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेच्या आयडीआर वर्किंग ग्रुपमध्ये, म्हणजे राउटिंगचे काम पाहणाऱ्या गटात, कसा घडला, याचा हा प्रकरण अभ्यास आहे. मानके कशी तयार होतात हे समजावताना बहुधा पायऱ्यांचा तक्ता दाखवतात: मसुदा, चर्चा, मंजुरी, प्रकाशन. एवढी वर्षे नेमका कशाचा खल चालला होता, हे त्या तक्त्यातून कळत नाही. माझ्या मते या प्रकरणात शिकण्यासारखे जे आहे ते त्या खलातच आहे.

जुना नियम आणि त्यामागचे शहाणपण

बीजीपीत दोन शेजारी राउटर आपापसात टीसीपीच्या १७९ क्रमांकाच्या पोर्टवर सेशन उघडतात. आधी एकमेकांना आपल्याकडचे मार्ग सांगतात, मग फक्त बदल कळवत राहतात. अशा प्रत्येक निरोपाला अपडेट म्हणतात. त्यात प्रिफिक्स असतात आणि त्यांच्या मार्गाची माहिती देणारी अ‍ॅट्रिब्यूट असतात: मार्ग कोणकोणत्या नेटवर्कांतून येतो, पुढचा टप्पा कोणता, पसंती किती, वगैरे.

या अपडेटमध्ये दोष आढळला तर काय करायचे? जानेवारी २००६ मधल्या आरएफसी ४२७१ चे उत्तर कडक होते. शेजाऱ्याला नोटिफिकेशन पाठवा आणि सेशन बंद करा. सेशन बंद झाले की त्या शेजाऱ्याकडून शिकलेला प्रत्येक मार्ग रद्द होतो. २०१० मध्ये इंटरनेटच्या पूर्ण तक्त्यात तीन लाखांहून जास्त मार्ग होते, म्हणजे एका सदोष मार्गापायी लाखो निर्दोष मार्ग टाकून द्यायचे.

आज हे अविचारी वाटते, पण हा नियम लिहिणारे विचार करूनच लिहीत होते. बाइट वाटेत बिघडणार नाहीत याची काळजी टीसीपी घेते. तरीही निरोप बिघडलेला आला, तर तो पाठवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्येच खोट असणार. ज्याचे एक वाक्य चुकीचे आहे त्याच्या बाकीच्या वाक्यांवर तरी विश्वास का ठेवायचा? चुकीचा मार्ग स्वीकारून डेटा भलतीकडे पाठवण्यापेक्षा नाते तोडून नव्याने सुरुवात केलेली बरी. शेजारी जे सांगतो ते त्याने स्वतः तयार केलेले आहे, असे गृहीत धरले तर हा युक्तिवाद बिनतोड आहे.

पण बीजीपीतच दुसरी एक सोय होती, आणि तिने हे गृहीतक पोखरले. काही अ‍ॅट्रिब्यूट ऐच्छिक आणि ट्रान्झिटिव्ह असतात. राउटरला असे अ‍ॅट्रिब्यूट ओळखता आले नाही, तर त्याने ते टाकून द्यायचे नसते. आपल्याला हे कळलेले नाही अशी खूण म्हणून पार्शल बिट चढवायचा आणि ते जसेच्या तसे पुढे द्यायचे. सीलबंद पाकीट न उघडता पुढच्याच्या हाती द्यावे, तसे. या सोयीमुळेच सगळे जग एका दिवसात अद्ययावत न करताही इंटरनेटवर नवी वैशिष्ट्ये आणता येतात. मात्र तिचा अर्थ असाही होतो की दोष एका ठिकाणी जन्मतो, मधली दहा नेटवर्के तो न पाहताच पुढे देतात आणि अकराव्या ठिकाणी तो पकडला जातो. पकडणारा राउटर सेशन कोणाशी तोडतो? दहाव्याशी, ज्याचा काही दोष नाही.

२०१० मध्ये थोड्या फरकाने हेच झाले. सिस्कोच्या आयओएस एक्सआर या प्रणालीत एक बग होता. अनोळखी पण वैध असलेले ते अ‍ॅट्रिब्यूट पुढे पाठवताना ती त्याची मोडतोड करत होती. पलीकडच्या राउटरांनी बिघडलेले अपडेट पाहिले आणि मानकात लिहिले होते तेच केले, सेशन तोडले. थोड्या वेळाने सेशन पुन्हा जुळले, तोच मार्ग पुन्हा आला, पुन्हा तुटले. सिस्कोने त्याच दिवशी सूचना काढली आणि बगवर दुरुस्ती दिली. बगचा विषय तिथे संपला. पण ज्या राउटरांनी नियम तंतोतंत पाळला त्यांनीच नुकसान दूरवर पोचवले होते, आणि हे दुरुस्त करणे कोणत्याही एका कंपनीच्या हातात नव्हते.

मसुदा आधीच टेबलावर होता

या प्रश्नाकडे लक्ष जायला २०१० उजाडावे लागले नव्हते. मे २००७ मध्ये आरएफसी ४८९३ ने चार बाइटांचे एएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक नेटवर्कची ओळख सांगणारे क्रमांक, आणले. जुन्या राउटरांना ते कळत नसत, म्हणून खरा मार्ग एएस४-पाथ नावाच्या ऐच्छिक, ट्रान्झिटिव्ह अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवून त्यांच्यातून पलीकडे नेला जाई. त्यात कुठे चुकीचे काही शिरले की जुने राउटर ते निमूटपणे पुढे देत आणि दूरचे नवे राउटर सेशन तोडत. पुढे डिसेंबर २०१२ मध्ये आरएफसी ४८९३ ची जागा घेणाऱ्या आरएफसी ६७९३ ने, एएस४-पाथ बिघडलेले असेल तर ते टाकून द्या आणि बाकीचे काम चालू ठेवा, असे स्पष्ट लिहिले.

या अनुभवातून आयडीआरपुढे पहिला मसुदा आला तो फक्त ऐच्छिक ट्रान्झिटिव्ह अ‍ॅट्रिब्यूटमधल्या दोषांपुरता होता. अरुंद मसुद्याचा एक फायदा असतो: सहमती लवकर होते. दुखणे जिथे दिसले तिथेच मलम लावायचे. पण २०१० नंतर विषयाचा आवाका वाढला आणि मसुद्याचे नावही बदलले. आता प्रश्न संपूर्ण अपडेट निरोपाचा होता: कोणत्याही अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, कोणताही दोष असेल तर काय करायचे? एकाऐवजी डझनभर प्रश्न उभे राहिले. वेळ वाढण्याचे मुख्य कारण हेच, आणि माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. अरुंद दुरुस्ती घाईने छापली असती तर पुढच्या प्रत्येक अपघातानंतर एक नवे आरएफसी काढावे लागले असते.

अंतिम दस्तऐवजावर चार लेखकांची नावे आहेत: एन्के चेन, जॉन स्कडर, प्रदोष मोहपात्रा आणि केयूर पटेल. सिस्को आणि जुनिपर या बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची माणसे इथे एकाच मसुद्यावर काम करत होती. यात नवल नाही, कारण एका कंपनीच्या राउटरने केलेली चूक दुसऱ्या कंपनीच्या राउटरवर पकडली जाते आणि ग्राहक दोघांनाही फोन करतो.

गटाचे काम कसे चालते

हा भाग थोडक्यात सांगतो. आयईटीएफमध्ये सदस्यत्व नसते आणि मतदान होत नाही. कोणीही मसुदा मांडू शकते, त्यावर बोलू शकते. मसुद्याचे आयुष्य सहा महिन्यांचे असते. लेखकांनी नवी आवृत्ती काढली नाही तर तो बाद होतो. गटाने मसुदा दत्तक घेतला की त्याच्या नावात गटाचे नाव लागते आणि त्या क्षणापासून मजकुरावर लेखकांची मालकी उरत नाही. गटाला जे पटेल ते लेखकांनी लिहायचे. निर्णय ढोबळ सहमतीने होतो. सगळ्यांनी होकार दिलाच पाहिजे असे नाही, पण प्रत्येक तांत्रिक हरकतीला उत्तर मिळालेले असले पाहिजे. हरकत घेणारा एकटा असला तरी त्याचा मुद्दा खरा असेल तर मसुदा अडतो, आणि उत्तर मिळाल्यावर शंभर जण नाराज राहिले तरी तो पुढे जाऊ शकतो. त्यानंतर गटाचा लास्ट कॉल (हरकती घेण्याची शेवटची संधी), मग संपूर्ण आयईटीएफचा, मग आयईएसजी या आयईटीएफच्या वरिष्ठ मंडळाची छाननी आणि शेवटी प्रकाशन.

आयडीआरची आणखी एक रीत इथे महत्त्वाची आहे. किमान दोन स्वतंत्र अंमलबजावण्या अस्तित्वात असल्याशिवाय हा गट आपला मसुदा सहसा वर पाठवत नाही. राउटिंगच्या मानकांना पूर्वी आयईटीएफभर अशी अट होती. २००६ मध्ये ती औपचारिकपणे मागे घेतली गेली, तरी आयडीआरने स्वतःपुरती ठेवली. काहींना हा अडसर वाटतो. मला ही या गटाची सर्वांत चांगली सवय वाटते. कागदावर सोपा दिसणारा नियम कोडमध्ये उतरवताना कुठे अडतो, हे कोड लिहिणाऱ्यालाच आधी कळते.

खल कशावर झाला

सेशन तोडायचे नाही, मग करायचे काय? सुचणारे पहिले उत्तर म्हणजे बिघडलेल्या अपडेटकडे दुर्लक्ष करायचे. ते घातक आहे. समजा, त्या प्रिफिक्सचा जुना मार्ग राउटरकडे आधीपासून आहे. नवे अपडेट सांगत होते की तो मार्ग बदलला. ते दुर्लक्षित केले तर राउटर शिळ्या मार्गावर डेटा पाठवत राहील, आणि शेजाऱ्याला वाटेल की याला नवा मार्ग कळला आहे.

म्हणून मसुद्याने मधला रस्ता काढला. बिघडलेले अपडेट म्हणजे शेजाऱ्याने त्या प्रिफिक्सचा मार्ग मागे घेतला, असे समजायचे. जुना मार्गही जातो, नवाही येत नाही. राउटर दुसऱ्या शेजाऱ्याकडून आलेला चांगला मार्ग वापरतो. बाकीचे लाखो मार्ग जागच्या जागी राहतात. २०१० मध्ये हा नियम लागू असता तर बग जसाच्या तसा असूनही फटका फक्त प्रयोगाच्या प्रिफिक्सला बसला असता. एखाद्याने मुद्दाम वाकडे अ‍ॅट्रिब्यूट जोडून जगाला त्रास द्यायचे ठरवले, तरी त्याच्या स्वतःच्याच प्रिफिक्सचा मार्ग जातो. दोष ज्या मार्गाला चिकटला आहे, शिक्षा त्याच मार्गाला.

पण यालाही किंमत आहे, आणि मसुद्याने ती लपवली नाही. एकाच नेटवर्कच्या आतल्या राउटरांचा विचार करा. ‘अ’ ने बाहेरून एक मार्ग शिकला आणि तो आतल्या ‘ब’ ला कळवला, पण ‘ब’ च्या मते ते अपडेट बिघडलेले आहे. ‘ब’ तो मार्ग गेला असे समजतो आणि त्याच प्रिफिक्सचा डेटा भलत्याच दारातून बाहेर काढू पाहतो. तिकडच्या वाटेवरचा राउटर अजून ‘अ’ वर विश्वास ठेवून असेल, तर तो पॅकेट उलट पाठवतो. आत चक्र तयार होऊ शकते. जुना नियम सगळेच पाडत होता. नव्या नियमाने त्या एका प्रिफिक्सपुरती दोन राउटरांत मतभिन्नता राहू शकते. अचूकता आणि सातत्य यांतल्या या देवघेवीत गटाने सातत्याच्या बाजूने कौल दिला, आणि धोका दस्तऐवजातच नोंदवून ठेवला.

मग प्रश्न आला सौम्य उपायाचा. बिघडलेले अ‍ॅट्रिब्यूट तेवढे टाकून मार्ग ठेवला तर? ऐकायला हे आणखी चांगले वाटते, कारण कोणाचाच मार्ग जात नाही. पण कम्युनिटी अ‍ॅट्रिब्यूटचे उदाहरण घ्या. त्यात ‘हा मार्ग तुमच्या नेटवर्कबाहेर सांगू नका’ अशी सूचना असू शकते. ती सूचना बिघडली म्हणून टाकली आणि मार्ग ठेवला, तर जो मार्ग बाहेर जायलाच नको होता तो जगभर पसरेल. म्हणून आरएफसी ७६०६ सांगते की ज्या अ‍ॅट्रिब्यूटचा मार्गाच्या निवडीवर आणि वापरावर काहीच परिणाम होत नाही, फक्त तेच टाकून पुढे जाता येईल. अ‍ॅग्रिगेटर हे अ‍ॅट्रिब्यूट त्यात बसते, कारण मार्गांचे एकत्रीकरण कोणी केले एवढीच माहिती ते देते. कम्युनिटी बसत नाही. एएस-पाथ (मार्गातल्या नेटवर्कांची यादी), ओरिजिन (मार्गाचा उगम), नेक्स्ट-हॉप (पुढचा टप्पा) तर अजिबात नाही. तिथे मार्ग मागे घेतला असेच धरायचे.

गटाची वर्षे इथे खर्च झाली. एकेक अ‍ॅट्रिब्यूट समोर घ्यायचे, त्याची लांबी चुकली तर, ध्वज (त्याचा प्रकार सांगणारे बिट) चुकले तर, ते दोनदा आले तर, ते नको त्या शेजाऱ्याकडून आले तर, असा प्रत्येक प्रसंग तपासायचा आणि त्याला चार उपायांपैकी एक नेमून द्यायचा. सेशन तोडणे, एका पत्ताकुटुंबापुरते (उदाहरणार्थ फक्त आयपीव्ही६ पुरते) सेशन निकामी करणे, मार्ग मागे घेतला असे समजणे आणि अ‍ॅट्रिब्यूट टाकणे हे ते चार उपाय, कडक ते सौम्य या क्रमाने. एकाच अपडेटमध्ये अनेक दोष असतील तर त्यांतला सर्वांत कडक उपाय लागू होतो. या कामासाठी आठ जुन्या आरएफसींमध्ये दुरुस्ती करावी लागली. त्यांत १९९६ चे कम्युनिटीविषयीचे आरएफसी १९९७ आहे, तसेच खुद्द ४२७१ सुद्धा.

एक बारकावा मला फार आवडतो, म्हणून सविस्तर सांगतो. ‘मार्ग मागे घेतला असे समजा’ हे करायचे तर आधी तो मार्ग कोणत्या प्रिफिक्सचा आहे हे कळायला हवे. आयपीव्ही४ च्या साध्या अपडेटमध्ये प्रिफिक्स शेवटी, अ‍ॅट्रिब्यूटांच्या बाहेर असतात. अ‍ॅट्रिब्यूटांची एकूण लांबी वेगळ्या रकान्यात लिहिलेली असते, त्यामुळे आत कितीही गोंधळ असला तरी तेवढे बाइट सोडून प्रिफिक्सपर्यंत पोचता येते. पण आयपीव्ही६ आणि व्हीपीएनच्या मार्गांचे प्रिफिक्स एमपी-रीच या अ‍ॅट्रिब्यूटच्या पोटातच असतात, आणि ते अ‍ॅट्रिब्यूट कितव्या क्रमांकावर यावे हे ठरलेले नव्हते. त्याच्या आधीच्या एखाद्या अ‍ॅट्रिब्यूटची लांबी चुकीची लिहिली असेल, तर वाचणारा राउटर वाटेतच भरकटतो आणि प्रिफिक्स त्याच्या हाती लागतच नाहीत. कोणता मार्ग रद्द करायचा हेच माहीत नसेल तर सेशन तोडण्यावाचून इलाज उरत नाही.

यावर गटाने एका वाक्यात तोडगा दिला. एमपी-रीच पाठवायचे असेल तर ते सर्व अ‍ॅट्रिब्यूटांच्या आधी, पहिल्या क्रमांकावर ठेवा. मागचे काही बिघडले तरी प्रिफिक्स आधीच वाचून झालेले असतील. आणि लगेच जोडीला दुसरे वाक्य: घेणाऱ्याने मात्र ते कोणत्याही क्रमांकावर आले तरी स्वीकारावे. कारण जुने राउटर वर्षानुवर्षे चालूच राहणार आहेत. नव्या नियमाने जुन्यांना परके करायचे नाही, ही दृष्टी या दोन वाक्यांत दिसते.

सेशन तोडणे पूर्ण गेले असे मात्र नाही. प्रिफिक्स वाचताच येत नसतील, किंवा एमपी-रीच एकाच अपडेटमध्ये दोनदा आले असेल, तर आजही सेशन तुटते. अशा वेळी जुना नियमच बरोबर आहे.

नेटवर्क चालवणाऱ्यांचा आवाज

राउटर बनवणारे आणि राउटर चालवणारे यांची दुखणी वेगळी असतात. चालवणाऱ्यांच्या बाजूने ग्रो या दुसऱ्या वर्किंग ग्रुपमध्ये एक समांतर मसुदा तयार झाला: बीजीपीच्या दोष हाताळणीकडून आम्हाला काय हवे, याची यादी. तो आरएफसी झाला नाही. पण चालवणाऱ्यांना हवी असते अशी एक गोष्ट ७६०६ मध्ये स्पष्ट उतरली आहे. पूर्वी दोष आला की सेशन पडे आणि कोणाचेही लक्ष आपोआप जाई. आता एखादा मार्ग गुपचूप नाहीसा होऊ शकतो, आणि तक्रार येईपर्यंत कोणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून राउटरने दोषाची नोंद ठेवली पाहिजे, कोणत्या प्रिफिक्सवर परिणाम झाला ते लिहिले पाहिजे आणि बिघडलेले संपूर्ण अपडेट जपून ठेवले पाहिजे, असे दस्तऐवज सांगतो. रात्री दोन वाजता गायब मार्गाचा शोध घेणाऱ्याला या एका परिच्छेदाची किंमत कळते.

पुढच्या लेखकांसाठीही एक अट घातली गेली. नवे अ‍ॅट्रिब्यूट मांडणाऱ्याने त्यातला दोष म्हणजे काय आणि तो आढळल्यास काय करायचे, हे मसुद्यातच लिहायचे. ती पाळली जाते. फेब्रुवारी २०१७ च्या आरएफसी ८०९२ ने लार्ज कम्युनिटी (कम्युनिटीचा मोठा प्रकार) आणली, तेव्हा त्यात दोषांसाठी स्वतंत्र विभाग आहे: लांबी बाराच्या पटीत नसेल तर अ‍ॅट्रिब्यूट बिघडलेले, आणि मग मार्ग मागे घेतला असे समजायचे.

२०२३: जे राहून गेले

२ जून २०२३ रोजी ब्राझीलमधल्या एका छोट्या नेटवर्ककडून एक मार्ग बिघडलेल्या अ‍ॅट्रिब्यूटसह बाहेर पडला. क्रमांक २८, एन्ट्रॉपी लेबल नावाच्या वैशिष्ट्यासाठीचे, २०१५ मध्येच निवृत्त केलेले अ‍ॅट्रिब्यूट. मधल्या नेटवर्कांनी ते न ओळखता पुढे दिले आणि दूरवर काही जुनिपर राउटरांनी सेशन तोडली. २०१० च्या घटनेची जवळजवळ नक्कल, आणि तीही आरएफसी ७६०६ येऊन आठ वर्षे होत आल्यावर.

जुनिपरकडे नव्या नियमाचा कोड नव्हता असे नाही. तो होता, पण मूळ मांडणीत बंद होता. ‘बीजीपी-एरर-टॉलरन्स’ ही ओळ कॉन्फिगरेशनमध्ये स्वतः लिहावी लागत होती. त्यानंतर बेन कार्टराइट-कॉक्स या अभियंत्याने निरनिराळ्या राउटर सॉफ्टवेअरना मुद्दाम वाकडी अपडेट देऊन पाहिली. काही प्रणाली निर्विघ्न पार पडल्या. एफआरआर आणि ओपनबीजीपीडी या मुक्त राउटर सॉफ्टवेअरमध्ये मात्र नियम बहुतांशी पाळलेला असूनही एखादे अ‍ॅट्रिब्यूट निसटले होते. तिथे दुरुस्त्या झाल्या.

यावरून वर्किंग ग्रुपची पद्धत फसली असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. दस्तऐवजातला विचार २०२३ मध्येही खरा ठरला: ज्यांनी तो पूर्ण अंमलात आणला होता, त्यांची सेशन टिकली. उणीव दुसरीकडे आहे. दोन अंमलबजावण्या दाखवा ही आयडीआरची अट कोड अस्तित्वात आहे की नाही एवढेच तपासते. तो कोड ग्राहकाच्या हाती पडतो तेव्हा चालू असतो की बंद, हे ती विचारत नाही. दोष हाताळणीसारख्या विषयात हा प्रश्न अंमलबजावणीच्या अहवालात आलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मानक कोणत्याही कंपनीवर सक्ती करू शकत नाही, पण ‘मूळ मांडणीत चालू आहे का’ असा एक रकाना अहवालात असता, तर उत्तर २०१५ मध्येच सर्वांसमोर लिखित स्वरूपात आले असते आणि नेटवर्क चालवणाऱ्यांनी ती ओळ तेव्हाच लिहिली असती.